लंगरची दाल घरी करताना

लंगर म्हणजे गुरुद्वारातलं सगळ्यांसाठीचं मोफत सामुदायिक जेवण. त्या लंगरच्या दालीत क्रीम नसतं, लोण्याचा गोळा नसतो, काजूची पेस्ट नसते. टोमॅटो असलाच तर नावापुरता. तरीही पंगतीत बसून ती एकदा खाल्ली की तशीच घरी करावीशी वाटते. मग बहुतेक जण चुकीच्या टोकाला हात घालतात आणि कोणता मसाला घालत असतील ते शोधत बसतात. ही दाल मसाल्याची नाहीच. अख्खे उडीद किती पाण्यात आणि किती वेळ शिजले, शिजल्यावर किती घोटले गेले, यावर तिची चव ठरते. फोडणी शेवटी येते, आणि ती अगदी साधी असली तरी दालीचं काही अडत नाही.

लंगरची प्रथा गुरू नानकांपासूनची (१४६९–१५३९). दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत, आणि त्यांच्या लंगरातल्या तुपाच्या खिरीचा उल्लेख थेट गुरू ग्रंथसाहिबात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला शिस्त घालून दिली की भेटायला येणाऱ्याने आधी सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवायचं, मग भेट. अमृतसरला हरमंदिर साहिबचा, म्हणजे सुवर्णमंदिराचा, लंगर रात्रंदिवस चालू असतो आणि रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं तिथे जेवतात. आपल्याकडे नांदेडला, तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात, हीच पंगत बसते. राजा असो की मजूर, जमिनीवर एका ओळीत बसायचं आणि सगळ्यांच्या ताटात एकच अन्न. असं अन्न कसं असावं लागतं? कुणालाही चालेल असं शाकाहारी, पोटभरीचं, खिशाला परवडणारं, मोठ्या भांड्यात तासन्‌तास टिकणारं आणि उभ्याउभ्या बादलीतून वाढता येणारं. उडीद आणि हरभऱ्याची डाळ या सगळ्यात चपखल बसतात.

तिथल्या स्वयंपाकघराची एक रीत या दालीसाठी फार महत्त्वाची आहे. अन्न शिजत असताना सेवादार ते चाखून बघत नाहीत. अरदास म्हणजे प्रार्थना होऊन भोग लागेपर्यंत ते उष्टं करायचं नाही. त्यामुळे मीठ, हळद, पाणी सगळं मापानेच पडतं, ‘चवीनुसार’ला तिथे जागा नाही. घरी करतानाही हीच सवय लावून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मापं एकदा बसली की ही दाल दर वेळी तशीच होते, आणि आटत जाणाऱ्या पदार्थात मधेच मीठ चाखून वाढवलं की शेवटी हमखास खारट होतं.

उडीद आणि हरभरा

पंजाबीत हिला ‘मांह-छोलियां दी दाल’ म्हणतात. मांह म्हणजे उडीद, आणि छोले इथे हरभऱ्याच्या डाळीच्या रूपात. प्रमाण तीन भाग अख्खे काळे उडीद आणि एक भाग हरभऱ्याची डाळ. सहा जणांसाठी २०० ग्रॅम उडीद आणि ७० ग्रॅम हरभऱ्याची डाळ घ्या. उडदाच्या पिठुळ गराला शिजल्यावर एक चिकटपणा येतो, त्याने दाल मिळून येते. पण नुसत्या उडदाची दाल जड आणि बुळबुळीत लागते. हरभऱ्याची डाळ तो बुळबुळीतपणा मोडते, थोडा गोडवा देते आणि दाताखाली काहीतरी येऊ देते. तिचं प्रमाण एकास एक केलंत तर दाल पिवळट होते, तळाला लवकर लागते आणि गार झाल्यावर तिचा अक्षरशः गोळा होतो. तीनास एकच्या फार पलीकडे जाऊ नका.

अमृतसरकडे सालाची फोडलेली उडीद डाळ आणि हरभऱ्याची डाळ दोनास एक घेऊनही अशीच दाल करतात. ती निम्म्या वेळात होते: तासभर भिजवून, कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. घाईच्या दिवशी ती उत्तम. अख्ख्या उडदाची खोली मात्र तिला येत नाही, कारण साल आणि गर एकत्र शिजून जो रंग आणि दाटपणा येतो त्याला वेळच लागतो.

मूठभर राजमा घालायचा असेल तर तो वेगळा आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, उडदाबरोबर पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो. मला या दालीत राजमा नसलेलाच बरा वाटतो, त्याने ती हॉटेलातल्या दाल मखनीकडे झुकते.

उडीद घेताना जुना माल टाळा. बरणीत दोन पावसाळे काढलेले उडीद भिजतात, फुगतातही, पण शिजल्यावर मधे कणी राहते. उष्ण आणि दमट हवेत साठवलेल्या कडधान्यात हा दोष हळूहळू वाढतो, आणि मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी काही दाणे मऊ होत नाहीत. शिवाय उडदात गणंग निघतात. आठ तास भिजूनही न फुगलेले, बोटांना खड्यासारखे टणक लागणारे दाणे वेचून टाका. तसा एक जरी दाताखाली आला तरी जेवणाचा विचका होतो.

धुणं आणि भिजवणं

उडीद चार पाण्यांतून धुवा, आणि नुसते खळबळवू नका, तळहातांत धरून एकमेकांवर चोळा. पहिल्या पाण्यात धूळ जाते, पुढच्या पाण्यांत सालाचा थोडा काळा रंग. पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत चोळत बसायची मात्र गरज नाही, सगळा रंग घालवला तर दाल फिकट राखाडी दिसते. मग तिप्पट पाण्यात आठ तास भिजत ठेवा. उन्हाळ्यात इतका वेळ बाहेर ठेवले तर उडीद फसफसतात, तेव्हा भांडं फ्रीजमध्ये ठेवा.

भिजवण्याच्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ घाला. मिठाने कडधान्य टणक होतं ही समजूत चुकीची आहे. साल घट्ट धरून ठेवतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि मिठातलं सोडियम काही अंशी त्यांची जागा घेतं, त्यामुळे साल उलट लवकर मऊ होतं. याच कारणाने बोअरच्या जड पाण्यात उडीद शिजता शिजत नाहीत. तुमच्याकडे पाणी जड असेल तर या दालीपुरतं फिल्टरचं पाणी वापरा, फरक पहिल्याच वेळी कळेल.

सोडा नको. सोड्याने दाणा लवकर फुटतो हे खरं, पण चव साबणासारखी होते, रंग मळकट पडतो आणि ब जीवनसत्त्वाचंही नुकसान होतं. भिजवायला वेळ नसेल तर उडीद उकळत्या पाण्यात घालून, दोन मिनिटं उकळून, झाकण ठेवून तासभर तसेच राहू द्या. सोड्यापेक्षा हा उपाय केव्हाही चांगला.

हरभऱ्याची डाळ उडदाबरोबर रात्रभर भिजवू नका. ती मुळातच लवकर शिजते. अर्धा तास पुरे.

शिजवणं

भिजवलेलं पाणी ओतून द्या. पाच लिटरचा कुकर घ्या, लहान नको. उडीद शिजताना भरपूर फेस करतात आणि तो फेस शिट्टीच्या तोंडाशी अडकतो. सगळं घातल्यावर कुकर निम्म्याच्या वर भरलेला नसावा. उडीद, हरभऱ्याची डाळ, सव्वा लिटर पाणी, अर्धा चहाचा चमचा हळद, २० ग्रॅम बारीक चिरलेलं आलं आणि एक चहाचा चमचा तूप घाला. तुपाने फेस आटोक्यात राहतो. झाकण न लावता एक उकळी आणा, वर आलेला राखाडी फेस पळीने काढून टाका, मग झाकण लावा. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, नंतर आच अगदी मंद करून ३० मिनिटं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर दाल उसळून झाकणातून बाहेर येते, शिवाय दाणे एकदम फुटून साल वेगळं आणि गर वेगळा होतो.

झाकण उघडल्यावर एक उडीद बोटांत धरून दाबा. तो लोण्यासारखा पसरायला हवा आणि सालासकट चेपला जायला हवा. मधे पांढरी कणी लागली तर एक वाटी उकळतं पाणी घालून आणखी १० मिनिटं शिजवा. ही पायरी टाळून ‘पुढे उकळताना होईल मऊ’ असं म्हणू नका. टोमॅटो पडल्यावर, त्याच्या आंबटपणामुळे, राहिलेली कणी तशीच राहते. आंबट पदार्थ साल आणि गर मऊ होऊ देत नाहीत, म्हणून आमचूर असो की टोमॅटो, दाणा पूर्ण शिजल्याशिवाय घालायचा नाही.

कुकर न वापरता जाड बुडाच्या पातेल्यात शिजवायची असेल तर भिजवलेले उडीद एकटे तासभर उकळा, मग हरभऱ्याची डाळ घाला आणि आणखी दीड ते दोन तास मंद आचेवर ठेवा. पाणी दोन लिटरपासून सुरू करा आणि बाजूच्या शेगडीवर आधण तयार ठेवा. पाणी कमी झालं की आधणच घालायचं. गार पाणी ओतलं की उकळी बसते, वेळ वाढतो आणि दाणे तळाला जाऊन चिकटतात. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई धड आहे का ते आधी बघा, नाहीतर टोमॅटो घातल्यावर दाल कळकते.

उंचावर मात्र उघड्या भांड्याचा नाद सोडावा. उत्तराखंडातला हेमकुंड साहिब गुरुद्वारा चार हजार मीटरांहून उंच आहे, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथल्या लंगरात यात्रेकरूंना खिचडी आणि चहा मिळतो. एवढ्या उंचीवर अख्खे उडीद उघड्या पातेल्यात बोटचेपे करायचे तर दिवस मोडेल.

घोटणं

खरी दाल इथे होते, आणि घरच्या दालीत नेमकी हीच पायरी गळते. कुकरमधून काढलेले उडीद मऊ असतात, पण पाणी वेगळं आणि दाणा वेगळा असतो. पळीभर दाल सपाट ताटलीत ओता. कडेने पाण्याची पट्टी सुटून मधे दाण्यांचा ढीग राहिला तर ती अजून व्हायची आहे. नीट झालेली दाल ताटलीत पसरते, पण कडेला पाणी सोडत नाही, आणि ताटली तिरकी केली तर दाणा आणि रस एकत्र सरकतात.

शिजलेली दाल जाड बुडाच्या पातेल्यात काढा. अर्धा लिटर उकळतं पाणी हाताशी ठेवा आणि ते एकदम न ओतता तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. आता मीठ: तयार दालीच्या लिटरमागे ९ ग्रॅम. या प्रमाणात दाल साधारण पावणेदोन लिटर होते, म्हणजे मीठ १५ ग्रॅम, सपाट अडीच चहाचे चमचे. भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ यात धरायचं नाही, ते बहुतेक ओतून दिलेल्या पाण्याबरोबर गेलेलं असतं. वजनकाटा असेल तर मीठ वजनानेच घ्या, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं भरत नाही.

आच अगदी मंद ठेवून डावाच्या पाठीने दाल पातेल्याच्या कडेवर दाबत घोटायची. सगळी नाही, चौथा हिस्सा दाणे चेपले गेले की पुरे. बाकीचे दाणे मंद उकळीत एकमेकांवर घासून आपसूक सैल होतात. मिक्सर किंवा ब्लेंडर अजिबात लावू नका. पात्याने सालाचे बारीक तुकडे होतात ते जिभेला टोचतात, आणि उडदाचा चिकटपणा एकदम सुटून दालीची खळ होते. लाकडी रवी चालेल, पण हलक्या हाताने आणि चार-पाच फिरक्यांपुरती.

घोटल्यावर ४५ मिनिटं ते एक तास, झाकण अर्धवट ठेवून, मंद आचेवर. दर पाच मिनिटांनी डाव तळापर्यंत नेऊन खरवडल्यासारखा फिरवायचा, विशेषतः पातेल्याच्या मधल्या भागात, जिथे आच थेट लागते. हरभऱ्याची डाळ जड असल्यामुळे तळाशी बसते आणि आधी तीच लागते. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि भराभर येतात. दाल मिळून यायला लागली की ते मोठे, संथ होतात, फुटताना जड आवाज करतात आणि पृष्ठभागावर क्षणभर खड्डा राहतो. त्याच सुमारास रंग बदलतो: काळी सालं आणि फिकट पाणी असं वेगवेगळं दिसणं संपून सगळी दाल एकसारखी तपकिरी-राखाडी होते. लंगरच्या दालीचा रंग हाच. हॉटेलातल्या लालसर दालीशी तुलना करून तिखट वाढवायचा मोह इथे आवरा.

एवढी काळजी घेऊनही तळाला लागलीच तर ढवळू नका. गॅस बंद करा, वरची दाल दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या आणि तळाचा थर तसाच सोडा. डावाने एकदा जरी तो खरवडला तरी करपट वास सगळ्या दालीत उतरतो आणि मग कुठल्याही मसाल्याने झाकला जात नाही. लागून नुकताच वास सुटला असेल तर ओतून घेतलेली दाल बहुतेक वेळा वाचते.

फोडणी

तीन मोठे चमचे तूप म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम. हे कमी करू नका. दालीत दुसरा स्निग्धांश नाहीच, आणि आल्या-लसणाचा वास धरून ठेवायचं कामही तूपच करतं. तेलाने ही दाल होते, पण तोंडात रेंगाळत नाही.

तूप तापल्यावर एक चहाचा चमचा जिरे, ते तडतडले की चिमूटभर हिंग. मग सात-आठ लसूण पाकळ्या बारीक चिरून. लसूण कडेने सोनेरी झाला की लगेच एक मोठा कांदा (१५० ग्रॅम) बारीक चिरून घाला, म्हणजे लसणाचा रंग तिथेच थांबतो. लसूण तपकिरी झाला तर कडू होतो आणि तो कडूपणा इतक्या सौम्य दालीत लपत नाही. तसं झालं तर तूप टाकायला जीव होत नाही, पण टाका आणि फोडणी नव्याने करा. कांदा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, फिकट तपकिरी होईपर्यंत. आता उरलेलं २० ग्रॅम आलं, ज्युलियनसारखं लांब आणि बारीक चिरून, आणि तीन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. आलं निम्मं सुरुवातीला आणि निम्मं आत्ता अशासाठी की शिजलेलं आलं दालीत मुरून उष्णता देतं आणि फोडणीतलं आलं वरचा ताजा वास देतं. एकूण ४० ग्रॅम जास्त वाटेल, पण उडीद जड असतात आणि त्यांना आलं मुबलकच लागतं.

टोमॅटो घालायचाच तर एक लहान, ८० ग्रॅमपर्यंत, आणि तूप सुटेपर्यंत परतून. पाण्याने ओला राहिलेला टोमॅटो दालीत गेला की तिला कच्चट आंबट वास येतो. शेवटी गॅस बंद करून मग एक चहाचा चमचा लाल तिखट. चालू आचेवर तिखट घातलं तर दहा सेकंदांत काळं पडतं. फोडणी दालीत ओता, पळीभर दाल फोडणीच्या कढईत फिरवून तिचं तूपही पुसून घ्या, आणि अर्धा चहाचा चमचा गरम मसाला घालून १० मिनिटं मंद उकळा. नंतर झाकून किमान १५ मिनिटं मुरू द्या. कोथिंबीर वाढताना. धने पूड, कसुरी मेथी, दालचिनीचा तुकडा यांची गरज नाही, त्यांनी उडदाची चव मागे पडते.

कांदा-लसणाबद्दल नेहमी विचारलं जातं. शीख धर्मात त्यांना मनाई नाही, आणि बऱ्याच लंगरांत ते असतात. काही ठिकाणी नसतात. वगळायचे असतील तर आलं १५ ग्रॅमने वाढवा, हिंग दुप्पट करा आणि जिरे थोडे जास्त घाला. कित्येक ठिकाणी वेगळी फोडणीही नसते: आलं, मिरची, हळद, मीठ, तूप सगळं उडदाबरोबरच पहिल्यापासून शिजतं. तशी दाल एकदा करून बघाच. फोडणीचा खमंगपणा नसतो, पण उडीद शिजताना आलं आणि तूप त्यांत इतकं मुरतं की ती जास्त शांत लागते. आजारातून उठलेल्या माणसाला मी तीच देईन, तिखट वगळून.

शंभर जणांसाठी

घरच्या मापाला सोळाने गुणलं की झालं, असं होत नाही. मीठ आणि डाळी सरळ प्रमाणात वाढतात, तिखट आणि मसाले वाढत नाहीत, आणि पाण्याचं गणित तर पूर्ण बदलतं. मोठ्या भांड्यात दालीच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे तासाला आटण्याचं प्रमाण कमी, पण शिजायला वेळ जास्त.

माणशी पाव लिटर धरून २५ लिटर तयार दाल लागते. ३ किलो उडीद, १ किलो हरभऱ्याची डाळ, सुरुवातीला २० लिटर पाणी आणि बाजूला ८ लिटर आधण. मीठ २२५ ग्रॅम, हळद ४० ग्रॅम, आलं अर्धा किलो, हिरवी मिरची १०० ग्रॅम, लाल तिखट ३० ग्रॅम, कांदा दीड ते दोन किलो, लसूण पाव किलो, तूप ६०० ग्रॅम. भांडं ४० लिटरचं घ्या. फेस आणि ढवळण्यासाठी वरचा तिसरा हिस्सा मोकळा राहायलाच हवा. भिजवलेल्या उडदांना भट्टीवर अडीच ते तीन तास, पुढे तासभर घोटणं. वाढायची वेळ बाराची असेल तर साडेसातला भट्टी पेटलेली असावी. उरलेला अर्धा तास कणी राहिलेल्या दाण्यांसाठी हाताशी ठेवायचा.

एवढ्या दालीजवळ एक माणूस पूर्ण वेळ डाव घेऊन लागतो. डाव भांड्याच्या उंचीहून हातभर लांब हवा, नाहीतर उसळणारे थेंब मनगटावर येतात, आणि उडदाची दाल चिकट असल्यामुळे ती चांगलीच भाजते. वाढताना दाल ६० अंशांच्या वर गरम राहील असं बघा. वाट बघण्यात ती दाट होत जाते. पंगतीत वाढणारा चालता चालता बादलीतून पळीने ओततो, म्हणून दाल पळीतून अखंड धारेने पडायला हवी. गोळ्यांनी पडायला लागली तर उकळतं पाणी घालून पाच मिनिटं उकळवा. प्रत्येक लिटर पाण्यामागे ९ ग्रॅम मीठही घालायला विसरू नका. शेवटच्या पंगतीला अळणी दाल जाते ती याच विसरण्यामुळे.

कशाबरोबर आणि नंतर

लंगरात दालीबरोबर प्रशादा म्हणजे फुलका, एखादी भाजी, भात आणि बरेचदा खीर असते. फुलका दोन्ही हात पुढे करून घ्यायचा, डोकं झाकलेलं असावं आणि घेतलेलं सगळं संपवायचं. घरी फुलक्याबरोबर नुसता कांदा आणि लिंबाची फोड पुरेशी आहे. माणशी ४५ ग्रॅम कोरड्या डाळींतून सुमारे १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि डाळ-गव्हाची जोडी एकमेकांची उणीव भरून काढते, त्यामुळे ताटात आणखी फार काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ही दाल जास्त चांगली लागते, पण ती नीट ठेवली तरच. गरम पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवलं तर सकाळी हमखास आंबते. पसरट भांड्यात काढून, वाफ गेल्यावर, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवस टिकते. गरम करताना आधी तळाशी अर्धी वाटी पाणी उकळा आणि मग त्यात घट्ट झालेली दाल घाला, कोरड्या पातेल्यात थेट घातली तर मधून गार आणि खालून करपलेली मिळते. वाटी-दीड वाटी उरली आणि पुन्हा दाल नको असेल तर दोन वाट्या कणकेला एक वाटी घट्ट दाल घ्या, पाणी न घालता मळा, चिमूटभर ओवा आणि अगदी थोडं मीठ घाला. कणीक वीस मिनिटं झाकून ठेवा आणि पराठे जरा जाडसर लाटा. पातळ लाटले तर हरभऱ्याच्या डाळीपाशी फाटतात.